आरोग्यनिधी : वर्गणी कोणाची, हक्क कोणाचा?

आजारपण हा दैवाचा भाग आहे, असे मानण्याची सवय आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली. परंतु आजार कोणाला वारंवार होतो, कोणाला लवकर मारतो आणि कोणाच्या घरावर कर्ज ठेवून जातो, याचा हिशेब मांडला की दैवाचा संबंध संपतो. तेथे जमीन, मजुरी, वस्तीचे पाणी आणि दवाखान्याचे अंतर बोलू लागते. म्हणूनच आरोग्याचा प्रश्न हा केवळ डॉक्टरांचा प्रश्न नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे. पण 'सामाजिक न्याय' हा शब्द उच्चारून आपले काम संपत नाही. दवाखान्याचे पैसे कोणी भरायचे, या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे.

मुळशी तालुक्यातील माझे काही विद्यार्थी आणि चळवळीतील मित्र गेली काही वर्षे एक विचार मांडत आहेत. वस्तीवस्तीतून दरवर्षी थोडी थोडी वर्गणी गोळा करावी, तिचा आरोग्यनिधी उभारावा आणि ज्याच्या घरी मोठे आजारपण येईल त्याचा खर्च त्यातून भागवावा. जगभर या कल्पनेला लोकाधारित आरोग्यविमा म्हणतात. सर्वांना आरोग्यसंरक्षण देण्याचा हा एक मार्ग आहे, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे. ही कल्पना मुळात काय आहे, महाराष्ट्रात ती कोणी कशी राबवली, तिची ताकद कोणती आणि ती कोठे अपुरी पडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. उत्साहाने सुरू केलेला निधी दोन वर्षांत बुडाला, तर लोकांचा पैशावरचाच नव्हे, संघटनेवरचाही विश्वास उडतो.

प्रथम विमा म्हणजे काय ते पाहू. आपल्या वस्त्यांना एकत्र पैसे टाकणे नवे नाही. भिशी आहे, बचत गट आहे, मर्तिकाला घरटी वर्गणी आहे आणि चौदा एप्रिलची जयंती तर वर्गणीवरच उभी राहते. जयंतीचा हिशेब कागदावर लिहून वस्तीसमोर वाचणारी माणसे आपल्याकडे आहेत. हिशेब आपल्याला येत नाही असे कोणी म्हणू नये. परंतु भिशी आणि विमा यांत मूलभूत फरक आहे. भिशीत प्रत्येकाला त्याचेच पैसे पाळीपाळीने परत मिळतात. विम्यात वर्षभर ज्याच्या घरी आजार आला नाही त्याला काहीही परत मिळत नाही. त्याचे पैसे आजारी शेजाऱ्याच्या कामी येतात. निरोगी माणसाने आजारी माणसाचा भार उचलायचा, हे विम्याचे तत्त्व आहे. या अर्थाने ते बंधुतेचे तत्त्व आहे. 'माझे पैसे फुकट गेले' असे सभासदाला ज्या दिवशी वाटू लागते, त्या दिवशी निधी फुटायला लागतो.

आता आकड्यांत मांडू. समजा, एका खोऱ्यातील २०० कुटुंबांनी वर्षाला प्रत्येकी ६०० रुपये भरले. निधी झाला १,२०,००० रुपयांचा. त्या वर्षी दहा घरांत दवाखान्यात दाखल होण्याची वेळ आली आणि प्रत्येकाला १२,००० रुपये द्यावे लागले की निधी संपला. अकराव्या घराने काय करायचे? त्यानेही वर्गणी भरलेली आहे. एखाद्या घरात पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल लाखाच्या पुढे गेले, तर दोनशे घरांची वर्षाची वर्गणी एकट्यालाच लागेल. सभासद थोडे असले की निधी असा डळमळीत राहतो. दुसरी अडचण अशी की, ज्याच्या घरी दुखणे आहे तो आधी नाव घालतो आणि धडधाकट माणूस 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो. त्यामुळे निधीत आजारी जास्त, निरोगी कमी असे होते. तिसरी अडचण आपल्या वस्त्यांना विशेष लागू आहे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी दूषित झाले की जुलाब-उलट्या एका घरात होत नाहीत, सबंध वाडीत होतात. काम बंद पडले की एकाचे पडत नाही, सर्वांचे पडते. ज्यांनी एकमेकांना सावरायचे ते सर्व एकाच वेळी कोसळतात.

या तीनही अडचणींच्या मुळाशी चौथी आहे. निधीत पैसे टाकणारे सगळेच गरीब असतात. निरोग्याकडून आजाऱ्याकडे पैसा जातो, पण श्रीमंताकडून गरिबाकडे जात नाही, कारण श्रीमंत त्या निधीत नसतोच. गरिबाने गरिबाला द्यायचे आणि ज्याच्या तिजोरीत गरिबाचे श्रम साठले आहेत त्याने बाजूला राहायचे, अशी ही रचना होते. म्हणून कोणत्याही आरोग्यनिधीला पहिला प्रश्न विचारला पाहिजे : या निधीत पैसे टाकणारे हात किती आणि ते कोणाचे?

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी प्रा. बी. पी. अडारकर यांची नेमणूक झाली आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिच्या रचनेकडे नीट पाहावे. तीत कामगाराची वर्गणी आहे, मालकाची आहे आणि वैद्यकीय खर्चात राज्य सरकारचाही वाटा आहे. म्हणजे निधीत तीन हात आहेत. शिवाय ते सारखे नाहीत. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. कामगाराने एक रुपया टाकला तर मालकाने चार रुपयांहून अधिक टाकावे लागतात. आजारी कामगाराला औषधोपचार मिळतो आणि बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळतो. हे दान नाही. कामगाराचे शरीर ज्याच्या नफ्यासाठी झिजते, त्याने त्या शरीराचा खर्च उचलावा, हे त्यामागचे तत्त्व आहे.

बाबासाहेबांचा विचार याहूनही पुढे गेला होता. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमाव्यवसाय ही राज्याचीच मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा राज्याने सक्तीने उतरवावा, अशी मागणी केली. ते आयुर्विम्याविषयी बोलत होते, आरोग्यविम्याविषयी नव्हे. तरीही तेथील तीन शब्द आपल्या विषयाला लागू पडतात : राज्य, सक्ती आणि वेतनाचे प्रमाण. विमा ऐच्छिक ठेवला की धडधाकट व धनवान बाहेर राहतात. प्रमाण नसले की गरिबावर अधिक भार पडतो. राज्य नसले की बुडत्या निधीला कोणी वाली राहत नाही.

परंतु १९४८ च्या कायद्याचे कुंपण कारखान्याच्या भिंतीपाशी थांबले. सुरुवातीला तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, बारमाही आणि वीस किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. पुढे दहा कामगारांच्या आस्थापनांपर्यंत तो आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. शेतमजूर, भंगार वेचणारी बाई, वीटभट्टीवरचे कुटुंब, घरकाम करणारी मोलकरीण यांचे काय? दलित समाजाचा फार मोठा भाग येथे आहे. यांचा मालक एक नसतो, तो रोज बदलतो, किंवा असून दिसत नाही. या माणसांसाठी महाराष्ट्रात काही प्रयोग झाले. त्यांचे महत्त्व असे की त्यांनी तो न दिसणारा मालक शोधून काढला.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले. त्या लढ्यांच्या काळातच १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. हमालाचा मालक कोण, व्यापारी की गाडीवाला, या वादात पूर्वी हमालाला काहीच मिळत नसे. कायद्याने मंडळ स्थापन केले. जो माल उतरवून घेतो त्याने मजुरीवर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची आणि त्या पैशांतून कामगाराची भविष्यनिर्वाह, रजा, औषधोपचार यांची सोय करायची, अशी व्यवस्था झाली. फिरत्या मजुराला एक मालक नसला तरी त्याच्या श्रमाचा लाभ घेणारे सर्वजण मिळून मालक ठरू शकतात, हे या कायद्याने सिद्ध केले.

१९९३ मध्ये पुण्यातच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्यांची ही संघटना. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आणि त्यातही बहुसंख्य दलित. या बायांचा मालक कोण? वरवर पाहता कोणीच नाही. संघटनेने अभ्यास करून दाखवून दिले की, या बाया कचऱ्यातून जे वेचून नेतात त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च वाचतो. म्हणजे त्या शहराचे काम करतात आणि शहर त्याचे दाम देत नाही. या युक्तिवादावर पुणे महानगरपालिकेने २००२-०३ पासून नोंदणीकृत कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरण्याचे मान्य केले. विम्याची रक्कम मोठी नव्हती. पण ज्या बाईला दवाखान्याच्या दारात 'लांब उभी राहा' असे ऐकावे लागे, तिच्या हातात महापालिकेच्या जबाबदारीचे कार्ड आले, ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

शहराबाहेरचा सर्वांत अभ्यसनीय प्रयोग वर्धा जिल्ह्यातला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा आरोग्यविमा सुरू केला. वर्गणी रोख नव्हती, ज्वारीत होती आणि ती सुगीच्या वेळी घेतली जाई, कारण त्याच वेळी घरात धान्य असते. भूमिहीनाने सर्वांत कमी द्यायचे, जमीनवाल्याने जमिनीच्या प्रमाणात अधिक. उपचार मात्र सर्वांना गरजेप्रमाणे सारखा. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गाव योजनेत घ्यायचे, अशी अट होती. या अटीने धडधाकटाच्या 'पुढच्या वर्षी बघू' ला उत्तर दिले. अचानक येणाऱ्या आजारासाठी रुग्णालयात विनामूल्य उपचार आणि आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी, उदाहरणार्थ सुखरूप बाळंतपण किंवा मोतीबिंदू, खर्चाचा काही भाग, असा नियम होता.

सेवाग्रामचा दाखला देताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते. त्या ज्वारीतून रुग्णालय चालत नव्हते. रुग्णालय चालत होते मुख्यतः केंद्र व राज्य सरकारच्या अनुदानावर. ज्वारीने गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचा थोडा खर्च निघे. तिचे खरे मोल वेगळे होते. ज्वारी दिलेला माणूस रुग्णालयात भीक मागायला येत नव्हता, सभासद म्हणून येत होता आणि 'माझ्या गावात नर्स का आली नाही' असे विचारू शकत होता. सरकारचा पैसा आणि गावाचा आवाज एकत्र आले म्हणून ती योजना टिकली.

आता या मंडळींच्या बाजूने काय आहे तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पुणे-मुंबईच्या झोपडपट्ट्यांत अन्नपूर्णा परिवार आणि अपलिफ्ट या संस्थांनी २००३ च्या सुमारास बचत गटांतील स्त्रियांसाठी परस्पर आरोग्यनिधी सुरू केले. तेथे विमाकंपनी नाही. वर्गणी सभासदांची आणि दावा मंजूर करायचा की नाही हे ठरवणाऱ्याही सभासद स्त्रियाच. दवाखान्यांशी दर ठरवून घेणे, कोठे जावे हा सल्ला देणे, आरोग्य शिबिरे भरवणे ही कामेही निधी करतो. अशा समितीत बसलेली बाई बिल वाचायला शिकते. खाटेचे किती, भूलतज्ज्ञाचे किती, हे विचारायला शिकते. ज्या समाजाला हजारो वर्षे 'विचारू नको' असेच सांगितले गेले, त्या समाजातील स्त्रीने दवाखान्याला बिलाची फोड मागणे हे परिवर्तनच आहे. पैशांच्या दृष्टीने निधी लहान असेल. पण प्रश्न विचारण्याची शाळा म्हणून तो लहान नाही.

तरीही अंतराचा प्रश्न उरतो. गुजरातमधील 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने १९९२ पासून आपल्या सभासदांचा विमा चालवला. त्या विम्याच्या अभ्यासातून असे दिसले की अत्यंत गरीब स्त्रियाही सभासद होत होत्या. पण खेड्यांत प्रत्यक्ष दावे करण्यात त्यांतल्या त्यांत बऱ्या स्थितीतील स्त्रिया पुढे होत्या. कारण उघड आहे. दवाखाना लांब, सोबत जायला माणूस नाही, मजुरी बुडते, कागद जमत नाहीत. वर्गणी सारखी भरली तरी लाभ सारखा होत नाही. ज्याला रस्ता जवळ त्याच्याकडे निधी वाहत जातो.

हा दाखला घेऊन मुळशीत यावे. मुळशी तालुका एक नाही, दोन आहेत. पूर्वेला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञानाचे संकुल, पिरंगुटचे कारखाने, लवळ्याच्या टेकडीवरचे खासगी विद्यापीठ आणि त्याचे रुग्णालय. पश्चिमेला धरणाच्या पाण्यामागची खोरी, ताम्हिणीचा पाऊस, डोंगरावरचे धनगरवाडे आणि कातकऱ्यांच्या वाड्या. मध्ये तालुक्याचे ठाणे पौड आणि तेथील ग्रामीण रुग्णालय. पश्चिमेच्या वाडीतील बाईला रात्री कळा सुरू झाल्या किंवा भातखाचरात कोणाला साप चावला, तर तिला त्या क्षणी विम्याचे कार्ड उपयोगी नाही. तिला वाहन हवे, जवळच्या आरोग्य केंद्रात जागा डॉक्टर हवा आणि फ्रीजमध्ये सर्पदंशावरील लस हवी. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात आहे. पण फोनला रेंज आणि वाडीला रस्ता असल्याशिवाय तो क्रमांक कागदावरच राहतो. विमा बिल भरतो, दवाखाना उभारत नाही. ज्या खोऱ्यात दवाखानाच नाही तेथील माणसाने विम्याचा हप्ता भरणे म्हणजे शहरातील दवाखान्याला वर्गणी देणेच होय.

खर्चाचेही तसेच. आमच्या घरातील मी पहिला पदवीधर. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जे कर्ज झाले त्यात दवाखान्याचे बिल निम्मेच होते. बाकीचे निम्मे एस.टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बाहेरून आणलेली औषधे आणि आईची बुडालेली मजुरी यांचे होते. हे निम्मे कोणत्याही विम्याच्या यादीत नसते. असा अनुभव वस्तीतल्या जवळपास प्रत्येक घराला सांगता येईल.

आणखी एक शब्द तपासला पाहिजे : 'लोकाधारित'. कोणते लोक? अभ्यासक 'समुदाय' म्हणतात तेव्हा त्यांच्या नजरेसमोर एकसंध गाव असते. गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला ते गाव ठाऊक नाही. गावाचा निधी असेल तर त्याची बैठक कोठे भरणार? देवळाच्या ओट्यावर की समाजमंदिरात? दावा नाकारण्याचा अधिकार कोणाकडे? दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेले कातकरी कुटुंब वर्गणीच्या महिन्यात गावात नसेल, तर त्याचे नाव यादीत राहील काय?

मुळशीच्या मातीने हा धडा एकदा शिकवला आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे अजरामर झाले. पण त्या लढ्यातही 'मुळशीकर' एक नव्हते. बऱ्याच जमिनींवर पुण्यातील सावकारांचे हक्क चढलेले होते आणि त्यांचा कल मोबदल्याकडे होता. मावळ्यांना जमीन हवी होती. मोबदला कागदावर ज्याचे नाव त्याला मिळतो. ज्याचे कागदावर नावच नाही, त्या बलुतेदाराचे आणि भूमिहीनाचे नुकसान मोजायला कोणाकडे रकाना नव्हता. धरण झाले, त्या पाण्यावर वीज झाली, विजेवर मुंबई चालली. हेही श्रम आणि त्याग यांचे असे खाते आहे, ज्यात मुळशीची जमा कोणी मांडली नाही.

यावर कोणी म्हणेल, आता सरकारी योजना आहेत, मग निधी कशाला? योजना आहेत हे खरे. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती सर्व राज्यात आली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राच्या आयुष्मान योजनेशी ती जोडली गेली. २०२३ मध्ये सरकारने ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा निर्णय घेतला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने बंधन आहे. २००६ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत.

तत्त्वतः ही मोठी प्राप्ती आहे, कारण येथे पैसा करांतून येतो. पण ही योजना ठरावीक रुग्णालयांत दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजचा खोकला, मधुमेहाच्या गोळ्या, बाह्यरुग्ण तपासणी तिच्या बाहेर आहे. आणि योजनेतील रुग्णाजवळ तिच्याविषयी माहिती नसते, सोबतीला संघटना नसते. 'या योजनेत बसत नाही' किंवा 'खाट शिल्लक नाही' असे खिडकीवरून सांगितले की तो निमूट डिपॉझिट भरतो. निधीत आवाज आहे पण पैसा नाही. योजनेत पैसा आहे पण आवाज नाही. आपल्याला दोन्ही हवे आहेत, आणि ते एकत्र आणणे हेच चळवळीचे काम आहे.

इतर देशांचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. थायलंडने १९८३ मध्ये खेड्यांतून ऐच्छिक आरोग्यकार्ड सुरू केले. लोक पैसे भरून कार्ड घेत. वीस वर्षे प्रयत्न होऊनही सर्व लोक त्यात आले नाहीत. शेवटी २००२ मध्ये त्या देशाने करांच्या पैशावर सर्वांना उपचार देणारी योजना आणली आणि रुग्णाकडून प्रत्येक भेटीला केवळ तीस बाट घेतले. घानामध्ये स्थानिक परस्पर निधी होते. २००३ च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय योजनेत गुंफले आणि वस्तू व सेवांवर अडीच टक्के अधिभार लावून पैसा उभा केला. लोकांचा निधी ही पहिली पायरी ठरू शकते. परंतु पायरीवरच थांबून कोणताही देश माडीवर पोहोचलेला नाही.

आपला देश कोठे आहे? २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. पण सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते. आणि १९४६ मध्येच भोर समितीने सांगून ठेवले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये.

'गरीब कर भरत नाहीत, मग त्यांना फुकट का द्यायचे?' हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकीत हमखास येतो. याचे उत्तर महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिले आहे. सरकारी तिजोरीत येणारा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरिष्ठांच्या शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा शिक्षणाविषयी होता. आरोग्याला तो तंतोतंत लागू आहे. वाडीतली बाई साबण घेते, मोबाइलचे रिचार्ज करते, तेव्हा ती कर भरतेच. तिची वर्गणी केव्हाच जमा झालेली आहे. पावती मात्र तिला मिळालेली नाही.

मग मुळशीत निधी काढू नये काय? माझे उत्तर असे : काढावा, पण तो शस्त्रक्रियेचे बिल भरण्यासाठी नव्हे. बिल हे राज्याचे देणे आहे. ते आपल्या खांद्यावर घेऊन राज्याला मोकळे करू नये. जे योजना देत नाही आणि ज्यावाचून योजना मिळत नाही, त्यासाठी निधी असावा. रात्रीच्या वाहनाचे भाडे, सोबत जाणाऱ्या माणसाची मजुरी, दाखले आणि रेशनकार्ड यांची दुरुस्ती, योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आणि धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाला गाठून देणारा एक शिकलेला कार्यकर्ता. एवढा खर्च दोनशे घरांच्या वर्गणीत बसतो आणि निधी बुडत नाही.

वर्गणी घरटी सारखी नसावी. भूमिहीनाची सर्वांत कमी आणि नोकरदाराची सर्वांत जास्त असावी. आपल्यातील शिक्षक, कारकून, हिंजवडीत नोकरी लागलेले तरुण यांनी येथे हात आखडता घेऊ नये. स्थलांतर करणाऱ्यांची वर्गणी ते गावात असतील त्या महिन्यात घ्यावी आणि नाव वर्षभर ठेवावे. समितीत निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात आणि कातकरी वाडीचा प्रतिनिधी नामधारी नसावा. हिशेब जयंतीच्या हिशेबासारखा उघड्यावर वाचावा.

निधीचे दुसरे काम नोंद ठेवण्याचे. उपकेंद्र किती दिवस बंद होते, कोणाला बाहेरून औषध आणायला लावले, कोठे डिपॉझिट मागितले, हे तारखेनिशी वहीत लिहावे. २००७ मध्ये राज्यातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली; पुणे त्यांपैकी एक होता. जनसुनवाईत गावकऱ्यांनी डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर उभे राहून अनुभव मांडले. वहीत तारीख असली की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. कारखान्यांत आणि संकुलांत कंत्राटावर सफाई व पहाऱ्याचे काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या राज्य विम्याची नोंद झाली आहे की नाही, हेही त्याच वहीत यावे. तेथे मालक दिसतो आहे. त्याचा हात निधीत आहे की नाही, एवढेच पाहायचे आहे.

आपण दारिद्र्य वाटून घेण्यासाठी एकत्र येत नाही. बंधुता आपसात हवीच. पण समता बाहेरून मिळवावी लागते. वर्गणीचा डबा वस्तीत फिरवताना त्याच डब्याबरोबर एक अर्जही फिरला पाहिजे, तालुक्याच्या आणि राज्याच्या नावे. डब्यात आपले पैसे असतील. अर्जात आपण आधीच भरलेल्या पैशांची मागणी असेल.